व्हर्लिनच्या बोटीचं वजन

"लाट पूर्वीसारखी राहिली नाही, बाबा," असं ब्रिटा गेल्या ऑगस्टमध्ये पाण्यातून वर येता येता सहज म्हणाली, टॉवेलनं केस पुसले आणि कणीस खायला निघून गेली. तिच्या लेखी विषय तिथं संपला. व्हर्लिन टोस्ट्रूडच्या लेखी तो तिथं सुरू झाला.

ब्रिटा पस्तिशीची, ॲरिझोनाच्या वाळवंटात नोकरीला. वर्षातून चार दिवस मिनेसोटात आई-बाबांकडे, क्रुकेड पाइन तळ्याकाठी येते. चार दिवसांतला एक झोपण्यात जातो आणि एक आत्याकडे. उरलेल्या दोन दिवसांत तिनं वेकबोर्डवर उभं राहावं, बाबानं पुढं बोट हाकावी, ती दोरी धरून मागं यावी, आणि बोटीमागं ज्या दोन लाटा उठतात त्यांतल्या अलीकडच्या लाटेवरून उडून पलीकडच्या लाटेवर उतरावं, एवढीच व्हर्लिनची आयुष्याकडून राहिलेली मागणी होती. सतराव्या वर्षी ती हे डोळे मिटून करायची. गेल्या ऑगस्टमध्ये ती तीनदा उडाली आणि तीनदा मधल्या सपाट पाण्यात पाठीवर आपटली. पाठ तिची शेकली, पण लागलं ते व्हर्लिनला.

आणि पोरीनं गुडघ्याला, वयाला, वाळवंटाला दोष दिला असता तर एक वेळ चाललं असतं. तिनं दिला लाटेला. म्हणजे बोटीला.

व्हर्लिननं एकतीस वर्षं एका विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करण्यात घालवली होती. कुठलीही गोष्ट बिघडली की त्याचं मन आपोआप अहवाल लिहायला बसायचं. बोट तीच, एकवीस फुटी, सव्वीस वर्षांपूर्वी घेतलेली. इंजिन तेच. वेग तोच, ताशी वीस मैल. तळंही तेच. मग कमी काय झालं? याचं उत्तर त्याला जानेवारीत सापडलं, गोठलेल्या तळ्यावर शेजारच्या गेलनबरोबर बर्फाला भोक पाडून मासे धरायला बसला असताना. कमी झाली होती पोरं.

त्या वेळी बोटीत नऊ पोरं असायची. काठावरच्या सगळ्या घरांतली, ओल्या अंगानं, एकमेकांच्या मांडीवर, चिप्सची पाकिटं फोडत बसलेली. हॉगनांची जुळी पुढं, कारण त्यांना मागं बसवलं की एकमेकांना पाण्यात ढकलायची. ड्यूई नावाचा अगडबंब पोरगा मागं उजवीकडे, आणि त्याच्या तोलाला डावीकडे तीन मुली. व्हर्लिन सुकाणूवरून ओरडायचा, "ड्यूई, दोन बोटं आत सरक," आणि ड्यूई सरकला की खरोखर डावीकडची लाट उंच व्हायची. बोट जितकी जड, तितकी ती मागून पाण्यात बसते आणि तितकी मागची लाट मोठी, हे शास्त्र व्हर्लिनला त्या पोरांनी शिकवलं. सगळी मिळून बाराशे पौंड तरी भरत असतील. आता ड्यूई डुलुथला बँकेत होता, जुळ्यांपैकी एक जर्मनीत, आणि बोटीत मागं उशा होत्या. लोइसनं, म्हणजे व्हर्लिनच्या बायकोनं, शिवलेल्या. त्या उशा व्हर्लिनला बघवत नसत. तो तसं बोलून दाखवत नसे, कारण उशा छान झाल्या होत्या.

"वजन वाढवायचं," बर्फावर बसल्या बसल्या व्हर्लिन म्हणाला.

"वाळू," गेलन म्हणाला.

गेलनचा सगळ्यावर एकच उपाय असे आणि तो त्याच्या गॅरेजमध्ये तयार असे. आमच्याकडे हिवाळ्यात पिकअप ट्रकचं मागचं अंग हलकं पडून बर्फावर घसरतं, म्हणून मागं वाळूच्या पिशव्या टाकतात. उन्हाळ्यात त्या गॅरेजच्या कोपऱ्यात पडून असतात. गेलनचं म्हणणं, ट्रकला चालतं ते बोटीला का चालू नये.

जूनमध्ये दोघांच्या मिळून बारा पिशव्या बोटीत चढल्या. व्हर्लिनची कंबर तिथंच धरली. तरी तळ्यावर एक फेरी मारली आणि लाट, खोटं कशाला बोला, बरी उठली. गेलन मागं बसून "सांगितलं नव्हतं?" असं चार वेळा म्हणाला. पाचव्या वेळी म्हणत असताना व्हर्लिननं बोट वळवली आणि तीन हिवाळे बर्फाउन्हात कडकलेल्या चार पिशव्या एकदम फाटल्या. वाळू फळीखालच्या पोकळीत गेली. तिथं एक छोटा पंप असतो, तळाशी साचलेलं पाणी आपोआप बाहेर फेकणारा. त्यानं ती वाळू खाल्ली, थोडा वेळ दात खाल्ले आणि मान टाकली. व्हर्लिननं तो सोडवून कॉफीच्या रिकाम्या डब्यात घातला आणि डबा गॅरेजच्या फळीवर ठेवला, पुढच्या आठवड्यात दुरुस्त करायला.

"वाळू चांगलीच होती," गेलन म्हणाला. "पिशव्या वाईट."

त्या संध्याकाळी जेवताना लोइसनं विषय काढला. ती शांत बाई. शाळेच्या ग्रंथालयात आयुष्य गेलेलं, आवाज चढवायची सवयच नव्हती.

"व्हर्लिन, बोटीचं मी एका माणसाशी बोललेय. सेंट क्लाउडला दातांचा डॉक्टर आहे. ऑगस्टच्या दुसऱ्या सोमवारी बघायला येतो म्हणतोय."

"बघायला म्हणजे?"

"घ्यायला. पोरीनं गेल्या वर्षी एक दिवस दोरी धरली, त्याच्या आदल्या वर्षीही एकच. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस आपण बोट पुसतो. वापरायची नसेल तर ज्याला वापरायची आहे त्याला देऊ या."

"या वर्षी वापरेल ती."

"वापरली तर बघू," लोइस म्हणाली आणि तिनं त्याच्या ताटात आणखी भाजी वाढली. आमच्याकडे 'बघू' म्हणजे 'नाही', हे व्हर्लिनला पंचेचाळीस वर्षांच्या संसारानं शिकवलं होतं. ब्रिटा येणार होती त्या सोमवारच्या आधीच्या शुक्रवारी.

मग व्हर्लिननं खरी सामग्री मागवली. बोटीच्या मागच्या दोन कोपऱ्यांत बसतील अशा दोन भल्यामोठ्या रबरी थैल्या, एक पंप आणि नळ्यांचा गुंता. बटण दाबलं की पंप तळ्याचं पाणी ओढून थैल्यांत भरणार, पुन्हा दाबलं की ओतून टाकणार. सोबत अकरा भाषांतलं माहितीपत्रक होतं. त्यातली चौथी पायरी अशी, की बोटीच्या बुडाला भोक पाडा.

व्हर्लिननं ती अकराही भाषांत बघितली. सगळीकडे चित्र एकच होतं.

ज्या माणसानं सव्वीस वर्षं बोटीला ओरखडा पडू दिला नाही, त्यानं तिला स्वतःच्या हातानं भोक पाडायचं, ही गोष्ट बोलायला सोपी आहे. पाण्यात असताना ती करता येत नाही, म्हणून बोट गाडीमागं लावून सरकारी धक्क्यावरून वर काढली, घरामागच्या गॅरेजमध्ये आणली, आणि व्हर्लिन दोन दिवस तिच्याखाली उताणा पडून पेन्सिलीनं गोल काढत आणि पुसत राहिला. लोइस लिंबू सरबत घेऊन आली. वाकून बघितलं आणि म्हणाली, "जरा वेगळंच चाललंय हे."

ज्यांना आमच्याकडची माणसं ठाऊक नाहीत त्यांना हे वाक्य साधं वाटेल. कुणाच्या नव्या सुनेच्या हातचं खाऊन, कुणाच्या घराचा नवा रंग बघून जेव्हा आम्ही म्हणतो 'जरा वेगळंच आहे', तेव्हा त्या घरात आठवडाभर चूल धड पेटत नाही. व्हर्लिननं सरबत घेतलं नाही. त्यानं ड्रिल उचललं आणि डोळे मिटून भोक पाडलं.

पुढं मात्र त्यानं कसूर केली नाही. भोकात पितळी तोटी बसवली, भोवती चार नळ्या भरून लुकण चोपडलं, वाळलं, पुन्हा चोपडलं. तोटीची मूठ फिरवून बंद केली. खाली बादली ठेवून वरून होजनं पाणी सोडलं आणि तासभर बसून बघितलं. एक थेंब आला नाही. हे आपण पाडलेलं भोक आपल्याला दगा देणार नाही, याची त्यानं इतकी खात्री केली की तोटी नंतर उघडायची असते हे त्याच्या मनातून साफ पुसलं गेलं.

ब्रिटा शुक्रवारी आली. शनिवारी झोपली. रविवारी सकाळी व्हर्लिन बोट घेऊन धक्क्यावर हजर झाला, आणि तिथं केशरी जाकीट घालून, हातात कागद लावलेली पाटी धरून आर्डिसवहिनी उभ्या होत्या.

आर्डिसवहिनी म्हणजे व्हर्लिनच्या वारलेल्या थोरल्या भावाची बायको. वय चौऱ्याहत्तर. तळ्याकाठच्या रहिवासी संघाच्या त्या अध्यक्ष, आणि शनिवार-रविवार धक्क्यावर बोटी तपासायचं सरकारी कामही त्यांच्याकडेच. एका तळ्यातले घातक शिंपले दुसऱ्या तळ्यात जाऊ नयेत म्हणून रस्त्यानं जाताना प्रत्येक बोटीच्या बुडाला पाणी निथळायला मुळातच जे भोक असतं त्याचं बूच काढलेलं असावं लागतं, आतलं पाणी निथळलेलं असावं लागतं. कायदाच आहे तसा. आदल्याच रात्री त्या व्हर्लिनकडे जेवून गेल्या होत्या.

"ही बोट यापूर्वी कोणत्या तळ्यात होती?" वहिनींनी पाटीकडे बघत विचारलं.

"वहिनी, ही बोट सव्वीस वर्षं याच तळ्यात आहे. दादा स्वतः चालवायचा."

"उत्तर द्यायचं. कोणत्या?"

"याच."

"बूच काढलंय?"

व्हर्लिननं खिशातून पितळी बूच काढून त्यांच्या नाकासमोर धरलं. वहिनींनी चष्मा वर करून ते तपासलं, खूण केली. व्हर्लिननं बूच परत खिशात घातलं. मग वहिनींनी बोटीत डोकावून त्या थैल्या बघितल्या.

"हे काय?"

"वजन. लाटेसाठी."

"माझा काठ आधीच दोन फूट खचलाय, व्हर्लिन. मी काठी रोवलीय पाण्यात, पट्टे मारून. लाट चौथ्या पट्ट्याला लागली तर मी संघापुढं ठेवणार. मग दीर असो नाहीतर कुणी."

"तुमच्या काठापासून लांबच जाणार आहे मी."

"तुझा भाऊ असता तर त्यानं नसत्या असल्या थैल्या लावल्या. त्याला साधेपणा आवडायचा."

हे लागलं. दादाला साधेपणा आवडायचा हे खरंच होतं, पण तो असता तर मागं उजवीकडे तोच बसला असता आणि थैल्यांची गरज पडली नसती, हे व्हर्लिनला म्हणायचं होतं. तो तिरमिरीत गाडीत बसला, मागं घेतली, बोट पाण्यात सोडली. बूच खिशात राहिलं.

घरच्या धक्क्याला त्यानं बोट लावली. लोइस मागं बघायला बोटीत आली, कारण दोरीवरच्या माणसाकडे लक्ष ठेवायला एक माणूस लागतो. ब्रिटानं तरंगायचं जाकीट चढवलं. गेलन धक्क्यावर खुर्ची टाकून बसला होता, वाळूचा अपमान कसा काय फळतो ते बघायला.

"थैल्या भरायला दहा मिनिटं लागतील," व्हर्लिननं जाहीर केलं आणि बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. पंप घूं घूं करू लागला. तोटी बंद असल्यामुळं तो बिचारा हवाच खात होता, पण आवाज मोठा भारदस्त होता.

आणि बोट खाली बसू लागली.

"बसतेय," गेलन उठून उभा राहिला. "अरे, चांगलीच बसतेय."

"सारखी बसतेय बघ," व्हर्लिन म्हणाला. "ना डावी ना उजवी."

"मानलं बाबा. वाळूनं इतकी सारखी नसती बसली."

व्हर्लिननं लोइसकडे बघितलं. जरा वेगळंच का, असं तो नजरेनं विचारत होता. लोइस दोरी सोडवत होती.

पहिल्या फेरीत ब्रिटा उडाली आणि मधल्या पाण्यात पडली. पण थोडक्यात. तिला परत दोरी द्यायला बोट थांबली, हळूहळू फिरली. दुसऱ्यांदा ती उडाली तर टाच पलीकडच्या लाटेच्या माथ्याला लागली आणि मग पडली. पुन्हा बोट थांबली. "बाबा, लाट वाढतेय," ब्रिटा पाण्यातून ओरडली. "काय करतोयस काय तू?"

"सगळं आपोआप आहे," व्हर्लिन म्हणाला. किती वर्षांनी त्याची छाती अशी भरून आली होती. सकाळचं ऊन, तेच पाणी, इंजिनाचा तोच खालचा सूर. सुकाणूही जड लागत होतं, नऊ पोरं असताना लागायचं तसं. "ड्यूई, दोन बोटं आत सरक," असं तो खरंच पुटपुटला आणि स्वतःशीच लाजला.

तिसऱ्यांदा बोट निघाली तेव्हा लोइसनं चपला काढून उशीवर ठेवल्या.

"काय गं?" व्हर्लिननं विचारलं.

"काही नाही. तू पुढं बघ."

"पडली का?"

"नाही. छान उभी आहे. व्हर्लिन, वेग कमी करू नकोस. सरळ चालव."

ब्रिटा लांब उजवीकडे गेली. दोरी ताणली. मग ती वळली, गुडघे वाकवून लाटेवर चढली आणि सुटली. व्हर्लिनला समोरच्या आरशात तेवढंच दिसलं, आकाश आणि आकाशात त्याची पोर, सतराव्या वर्षी दिसायची तशी, एक हात सोडलेला. ती पलीकडच्या लाटेच्या उतारावर उतरली आणि उभी राहिली. उभीच राहिली.

व्हर्लिनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ते पुसायला त्यानं मान खाली घातली, तर पाणी पायांतही होतं. घोट्याच्या वर.

एकतीस वर्षांत व्हर्लिननं बुडालेल्या बोटींचे दोनशे तरी अहवाल लिहिले असतील. त्यांतल्या निम्म्यांत एकच वाक्य होतं: रस्त्यासाठी काढलेलं बूच पाण्यात उतरवताना लावलं नाही, मालकाचा निष्काळजीपणा. असल्या मालकांना तो मनातल्या मनात काय काय म्हणायचा ते इथं सांगण्यासारखं नाही. त्याचा हात हळूहळू खिशाकडे गेला.

"लोइस," तो म्हणाला.

"माहीत आहे. आता डावीकडे घे. आर्डिसच्या वाळूवर. आणि हळू करू नकोस, हळू झाली की बसेल."

ब्रिटानं दोरी सोडली. इंजिन खोकलं, थांबलं, पुन्हा लागलं, आणि बोट आर्डिसवहिनींची पट्टेवाली काठी आडवी करून वाळूत रुतली. मागून जी लाट आली तिनं काठावरच्या दोन खुर्च्या नेल्या. कितव्या पट्ट्यापर्यंत आली ते मोजायला काठीच उरली नव्हती.

वहिनी नुकत्याच धक्क्यावरून घरी आल्या होत्या. अंगात अजून केशरी जाकीट होतं. त्या सावकाश चालत आल्या, बोटीच्या मागं गेल्या, वाकून बघितलं आणि सवयीनं म्हणाल्या, "बूच काढलेलं आहे. नियमाप्रमाणे आहे." मग त्यांना काय झालं कोण जाणे, त्या वाळूतच बसल्या आणि पोट धरून हसू लागल्या. दादा गेल्यापासून त्यांना असं हसताना व्हर्लिननं बघितलं नव्हतं.

ब्रिटा पोहत आली. "बाबा, तीच लाट होती. अगदी तीच. थैल्यांनी कमाल केली."

व्हर्लिननं मागची फळी उचलली. थैल्या घडीच्या चादरीसारख्या सपाट पडल्या होत्या. त्यांत चूळ भरण्याइतकंही पाणी नव्हतं. इतक्या लोकांसमोर इतकं उघडं पडल्यावर माणसानं कुठं बघावं हे त्याला सुचेना, म्हणून तो लोइसकडे बघू लागला. तिचा झगा गुडघ्यापर्यंत भिजला होता.

"तुला केव्हा कळलं?"

"ती दुसऱ्यांदा पडली तेव्हा. माझे पाय ओले झाले."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू थांबवली असतीस," लोइस म्हणाली. "आणि मला बघायचं होतं."

गेलन आपल्या बोटीतून दोर आणि बादल्या घेऊन आला. वाळूचा विषय उद्यावर टाकून त्यानं पहिली बादली भरली. सगळे पाणी उपसायला लागले. लोइस तेवढ्यात बाजूला गेली, वहिनींकडून फोन मागून घेतला आणि सेंट क्लाउडच्या डॉक्टरला लावला. व्हर्लिन बादली घेऊन तिथंच उभा राहिला. हातातलं पाणी ओतायचं तो विसरला.

"उद्या येऊ नका," लोइस म्हणाली. "नाही, विकली नाही... हो, चालू आहे. म्हणजे आत्ता बंद आहे... भोक? दोन आहेत, पण ते कारण नाही." मग तिनं पाण्याकडे बघितलं. ब्रिटा कमरेइतक्या पाण्यात उभी राहून बोर्डाचे पट्टे घट्ट करत होती, आता गेलनच्या बोटीमागं जायचं म्हणून. "आमची मुलगी अजून वापरते ती."

व्हर्लिननं बादली ओतली आणि दुसरी भरायला वाकला.